विरोधकाला पटण्याची वेळ

त्या शाळेच्या विद्यार्थी मंडळात विरोध नेमून दिला जात असे. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार यांच्याप्रमाणे विरोधक हेही एक पद होते, आणि उपमुख्याध्यापिका बाईंच्या मते ते सर्वांत नाजूक पद होते. विरोधकाने ठरावावर दोन आक्षेप घ्यायचे, अध्यक्षाने त्यांना उत्तरे द्यायची, मग विरोधकाने क्षणभर विचारात पडल्यासारखे दिसायचे आणि म्हणायचे, "आता मला पटलं." त्यानंतर ठराव एकमताने मंजूर. बुधवारी तालीम, शुक्रवारी सभा. बाईंनी ही पद्धत बसवल्यापासून एकही ठराव फेटाळला गेला नव्हता आणि एकही सभा मिळमिळीत झाली नव्हती. या दोन गोष्टी एकाच वेळी साधणे मोठमोठ्या संसदांनाही जमलेले नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे.

त्या वर्षी विरोधकाचे पद पाहुणीला देण्यात आले. पाहुणी म्हणजे विद्यार्थी-विनिमयात दुसऱ्या देशातून वर्षभरासाठी आलेली मुलगी. शाळेत तिचे खरे नाव कुणालाच नीट उच्चारता येईना, तेव्हा सगळ्यांनी पाहुणी म्हणायला सुरुवात केली आणि तिनेही ते आनंदाने स्वीकारले. एवढ्या दूरवरून आलेल्या मुलीने आपल्या सभेत उभे राहून आपल्याच भाषेत "मला पटलं" म्हणावे, याहून देखणे दृश्य बाईंना सुचत नव्हते.

पाहुणी राहायला होती मंडळाच्या अध्यक्षेच्या घरी. अध्यक्षा अकरावीत होती. परतीच्या विनिमयात, म्हणजे पुढच्या वर्षी पाहुणीच्या देशात जाण्यासाठी, शाळेला एकच जागा मिळत असे आणि ती प्रथेने मंडळाच्या अध्यक्षाला जाई. शेवटचा शब्द मात्र तिकडून येणाऱ्या निवड समितीचा. अध्यक्षेला ती जागा हवी होती, आणि हवी होती असे म्हणणे फार सौम्य झाले. तिची आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायची, वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. घरातले कुणीही आजवर, वडिलांच्याच शब्दांत, "बाराव्या मजल्याच्या पलीकडे" गेलेले नव्हते.

पाहुणी आल्यावर अध्यक्षेच्या खोलीतले टेबल तिला देण्यात आले. तेव्हापासून अध्यक्षा संध्याकाळपर्यंत शाळेच्या अभ्यासिकेत बसू लागली. वाचनालयाला लागून असलेली ती लांबट खोली होती, खिडकीशी एक सलग बाक, भिंतीला डोकी टेकून टेकून तेलकट झालेला एक पट्टा. ज्यांच्या घरी टेबल नाही, किंवा टेबल आहे पण त्याच्यावर धाकटी भावंडे आहेत, अशी मुले तिथे बसत. शुक्रवारच्या सभेत जो ठराव यायचा होता तो असा: विद्यार्थ्यांच्या आग्रहाखातर ही अभ्यासिका बंद करून तिथे आंतरराष्ट्रीय पाहुण्यांसाठी कक्ष उभारावा. विद्यार्थ्यांचा हा आग्रह विद्यार्थ्यांना बुधवारी कळवण्यात आला. सोफे आधीच सांगून ठेवले होते.

तालमीच्या रात्री जेवताना पाहुणी आपले आक्षेप पाठ करत होती. इथली भाषा ती पुस्तकातून शिकली होती, त्यामुळे सगळ्यांनाच ती 'आपण' म्हणायची.

"काका, आपण जरा भाजी वाढाल का?" ती वडिलांना म्हणाली.

"हिच्यासारखं बोलायला शिका जरा," वडील बायकोकडे आणि मुलीकडे आळीपाळीने बघत म्हणाले. "या घरात मला इतक्या मानाने कुणी हाक मारत नाही."

"हाक मारली की येता कुठे?" आई म्हणाली. "लिफ्टसारखे मध्येच अडकता."

पाहुणी खळखळून हसली, मग गंभीर झाली. "मला एक विचारायचं आहे. माझे आक्षेप झाले, यांची उत्तरं झाली. आणि मला पटलंच नाही, तर?"

"पटतं," अध्यक्षा म्हणाली. "तसं ठरलंय."

"आधी कसं ठरेल? आज तालमीत नुसतं कोण कुठे उभं राहणार ते झालं, उत्तर तर मी शुक्रवारी ऐकणार."

"अगं, सगळ्यांना पटतं. गेल्या वर्षी आत्ताचा उपाध्यक्ष विरोधक होता, त्याला तर पहिल्या आक्षेपानंतरच पटलं. बाई ओरडल्या त्याला, इतक्या लवकर पटवून घेऊ नकोस म्हणून."

"मला या घरात रोज पटतं," वडील म्हणाले. "हळूहळू सवय होते."

पाहुणीने मान हलवली. ती नम्र मुलगी होती आणि यजमानांच्या पद्धती समजून घ्यायच्या ही शपथ घेऊनच ती निघाली होती. मात्र प्रश्न विचारला की उत्तर ऐकून घ्यायचे, असाही एक मागासलेला संस्कार तिच्यावर कुणीतरी केलेला होता.

शुक्रवारी सभागृहात पहिल्या रांगेत शाळेचे विश्वस्त बसले होते. पाहुणीने दोन्ही आक्षेप स्वच्छ मांडले. अध्यक्षेने पाठ केलेले उत्तर दिले: हल्ली मुले घरीच अभ्यास करतात, अभ्यासिका रिकामी असते, आणि पाहुण्यांचा मान हाच शाळेचा मान.

पाहुणी विचारात पडली. दिसायचे होते तेवढेच नव्हे, खरोखर पडली. ते इतके लांबले की मागे कुणीतरी खुदकन हसले.

"पटलं म्हण," पडद्याशेजारून बाई पुटपुटल्या.

"मॅडम, मी प्रयत्न करते आहे," पाहुणी मोठ्याने आणि अत्यंत आदराने म्हणाली. "पण मला पटलं नाही. अध्यक्षा स्वतः रोज त्या अभ्यासिकेत बसतात, कारण त्यांचं टेबल मी घेतलं आहे. मग मुलं घरी अभ्यास करतात हे मला कसं पटावं? आणि पाहुण्यांचा मान म्हणाल तर, मला पुरेसा मान मिळतो आहे."

याच्या पुढे संहितेत काही नव्हते. अध्यक्षेने बाईंकडे पाहिले. बाई विश्वस्तांकडे पाहत होत्या. अध्यक्षेच्या हातून मग जे घडले त्याला धैर्य म्हणता येणार नाही. विरोधकाला न पटल्यास काय करावे हे तिला कुणी शिकवले नव्हते, एवढेच त्यामागचे कारण. ती म्हणाली, "ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा." उपाध्यक्षाने केला, खजिनदाराने अर्धवट केला. "विरुद्ध?" आणि मंडळातले बाकीचे सगळे हात, एकमेकांकडे चोरून बघत, वर गेले. तिने पुन्हा एकदा मोजले, कारण या शाळेत हात मोजण्याची ही पहिलीच वेळ होती.

"ठराव फेटाळला," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता.

विश्वस्तांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "काय जिवंत बसवलंत, बाई!" त्यांतले ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले. "तो आवाज कापणं तर कमाल!"

सोमवारी बाईंनी अध्यक्षेला खोलीत बोलावून घेतले. ती रडायच्या तयारीने गेली.

"बस गं. मी रागावलेली नाहीये. उलट मलाच हे आधी सुचायला हवं होतं. तिकडच्या निवड समितीचे लोक पंधरवड्यात येताहेत. त्यांना हेच दाखवायचं. विरोधकाला पटत नाही, मतदान होतं, अध्यक्षा पराभव मान्य करते. तिकडे या गोष्टीचं फार कौतुक."

"पण मॅडम, ठराव फेटाळला गेलाय."

"हो ना, आणि किती छान फेटाळला गेला! तोच पुन्हा फेटाळा. पाहुणीला सांग, 'पटलं नाही' थोडं लवकर म्हण."

"मग अभ्यासिका राहणार?"

बाईंच्या चेहऱ्यावर खरोखरचे आश्चर्य होते. "अगं, मंडळ शिफारस करतं. शिफारस ऐकून घेतली. सोफे उद्या येताहेत. समितीला नाहीतर बसवणार कुठे आपण?" मग त्या मायेने पुढे वाकल्या. "तुझं जाणं आता पक्कं समज. फक्त नीट हरून दाखव."

सोफे आले. सलग बाक तळघरात गेला, भिंतीवरचा तेलकट पट्टा रंगाखाली गेला. जी मुले तिथे बसत ती वर गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात बसू लागली, एका पायरीवर एक. अध्यक्षाही तिथेच बसे. तिचे जाणे पक्के झाल्याची बातमी वडिलांनी कामावर सगळ्यांना सांगून टाकली होती. आईने दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनाही सांगितली होती, एकीला तर डोळे तपासून घेत असतानाच.

"तू करणार?" झोपण्यापूर्वी पाहुणीने विचारले. आता ती निदान हिला तरी 'तू' म्हणू लागली होती.

"करायचं काय असतं त्यात? तेच बोलायचं, जे तेव्हा बोलले."

"तेव्हा खरं होतं."

"तुझं काय जातं म्हणायला?" अध्यक्षा उसळून म्हणाली. "तू येऊन बसलीयेस. मला अजून जायचंय. बाबा त्यांच्या सुपरवायझरला पेढे देऊन बसलेत."

पाहुणीने दिवा मालवला. मग म्हणाली, "मी माझं वाक्य म्हणेन. तू सांगशील तसं."

समितीचे तिघे जण आले, नव्या सोफ्यांवर बसले आणि त्यांनी सोफ्यांची स्तुती केली. इथली भाषा त्यांना येत नव्हती. बाईंना त्यांची येत होती, म्हणून त्या शेजारी बसून प्रत्येक वाक्याचे भाषांतर करून देत होत्या. मंडळ समोर खुर्च्यांवर. पाहुणीने आक्षेप घेतले, अध्यक्षेने उत्तरे दिली, पाहुणीने ठरल्या वेळी "मला पटलं नाही" म्हटले. हात वर गेले, या खेपेला एकमेकांकडे न बघता, कारण आता सगळ्यांना कुठला हात कुठे ते पाठ होते. सगळे सुरळीत चालले होते.

अध्यक्षा उभी राहिली. तिच्या समोर खिडकी होती. बाक नसल्यामुळे ती फार मोठी वाटत होती.

"ठराव फेटाळला, असं मी आता म्हणायचं आहे," ती म्हणाली. "पण तो केव्हाच फेटाळून झालाय. तरी अभ्यासिका बंद झाली. आपण बसलोय ती हीच खोली. तिथे बसणारी मुलं आता जिन्यात बसतात. मीही."

बाईंनी क्षणाचाही विलंब न लावता, हसतमुखाने भाषांतर केले. त्या भाषांतरातून तिघांना असे कळले की ठराव फेटाळण्यात आला आहे, विद्यार्थ्यांची लाडकी अभ्यासिका सुरक्षित आहे, आणि अध्यक्षा भारावून गेली आहे.

तिघांनी टाळ्या वाजवल्या. त्यांतली वयस्क बाई उठून अध्यक्षेचा हात हातात घेऊन काहीतरी बोलली. "त्या म्हणताहेत, पुढच्या वर्षी तुला आमच्याकडे बघायला आवडेल," बाईंनी सांगितले. हे भाषांतर अचूक होते.

ज्याच्यासाठी तिने गेले वर्ष खर्च केले ते तिच्या हातात होते, अक्षरशः. तिने बोलायचे ते बोलून टाकले होते आणि त्याची किंमत कुणी मागितली नव्हती. आता फक्त गप्प राहायचे होते. आपण खरे बोललो हे समाधानही तिच्याजवळ राहणार होते आणि जागाही. इतकी सोयीची नैतिकता आयुष्यात सहसा वाट्याला येत नाही. मोठी माणसे तिच्यावर उभी कारकीर्द काढतात.

पाहुणी तिच्याकडे बघत होती. त्या खोलीत बाईंखेरीज दोन्ही भाषा जाणणारी ती एकटीच होती.

"सांगू?" तिने हळूच विचारले.

बाईंनी ते ऐकले. "पाहुणी, बस खाली, बाळ. चहा येतोय."

पाहुणी बसली नाही, पण बोललीही नाही. ती अध्यक्षेकडेच बघत राहिली. तिचे वाक्य म्हणून झाले होते. हे दुसरे तिचे नव्हते.

अध्यक्षेने त्या वयस्क बाईच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. उद्धटपणा दिसू नये म्हणून तिने तो सावकाश सोडवला.

"सांग," ती म्हणाली. "जिन्याचंही सांग."

पाहुणीने सांगितले. फार वेळ लागला नाही. वयस्क बाई ज्या सोफ्यावर पुन्हा बसणार होती त्याच्याकडे तिने एकदा पाहिले आणि उभीच राहिली. बाकीचे दोघे बाईंकडे बघू लागले. बाई म्हणाल्या, मुले आहेत, अतिशयोक्ती करतात. आणि हे वाक्य त्यांनी गडबडीत चुकून इथल्याच भाषेत म्हटले, त्यामुळे ते फक्त मुलांना कळले.

समितीने शाळेचे आभार मानणारे सुरेख पत्र पाठवले. शाळेचे नाव यादीत राहिले, कक्षही राहिला. जागेसाठी कुणाला पाठवावे हे या वेळी शाळेनेच ठरवावे असे समितीने कळवले, वाद नको म्हणून. शाळेने खजिनदाराला निवडले.

ही बातमी पाहुणीने जिन्यात आणली. अध्यक्षा वरच्या पायरीवर वही मांडीवर घेऊन बसली होती. तिने पेन्सिल पानात ठेवली.

"कधी निघतोय तो?"

"परीक्षा झाल्यावर."

"त्याला सांग, लोकरीचे कपडे जास्त घे म्हणावं. तूच म्हणालीस ना, तिकडे थंडी फार." मग ती थोडी बाजूला सरकली. "बाबांना अजून सांगायचंय. तू येशील बरोबर?"

"येईन," पाहुणी म्हणाली, आणि शेजारी बसली.