वाटणारीचा वाटा

माझा नवरा शिडीवरून पडला त्या दिवसापासून मी एका जागी पाच मिनिटं बसलेली नाही. तो घरं रंगवायचा. आता एका खुर्चीत तो आणि दुसऱ्या खुर्चीत त्याचा प्लॅस्टरमधला पाय. बसायला उरलं माझं शिलाई मशीन. तिथेही चार टाके घातले की मी उठते, स्वयंपाकघरात जाते, तांदळाचा डबा उघडते, आत बघते आणि परत येते. बघून तांदूळ वाढत नाहीत हे मला कळतं, पण पाय ऐकत नाहीत.

काटकसर मला कुणी शिकवायला नको. साबणाच्या वडीचे मी दोऱ्याने चार तुकडे करते. तेलाच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडलंय, वर करून हलवली तरच चार थेंब पडतात. चहाची पावडर दोनदा उकळते आणि दुसऱ्या वेळचा चहा नवऱ्याला देते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला कडक चहा कशाला हवा? तो बिचारा पितो आणि वर छान झालाय म्हणतो, त्याचाच मला जास्त राग येतो.

पण खरी बचत पोत्यात होती. सात वर्षं आम्ही तीन घरं मिळून दर महिन्याला घाऊक बाजारातून तांदळाचं तीस किलोचं पोतं आणतो. आम्ही, वरच्या मजल्यावरची सिस्टर आणि समोरच्या मास्तरीणबाई. पैसे तिघींचे सारखे, खाणारी तोंडंही तिन्ही घरांत चार-चार. पहिल्याच महिन्यात ताणकाट्यावर मोजताना मूठभर तांदळावरून आमच्यात अशी जुंपली की मास्तरीणबाईंनी काटा माळ्यावर टाकला आणि नियम घालून दिला. एकीने वाटायचं, दोघींनी आधी उचलायचं, वाटणारीने शेवटी राहील ते घ्यायचं. म्हणजे वाटणारी आपोआप सरळ वागते.

वाटणारी मी, कारण मी घरी असते. पोतं दुपारी येतं, त्या दोघी संध्याकाळी कामावरून येतात. तोवर मी तीन सारख्या बादल्यांत वाटे भरून ठेवते. सात वर्षांत कुणी एका दाण्याबद्दल बोललेलं नाही, आणि या गोष्टीचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

सिस्टर नेहमी आधी उचलायची. उचलण्याआधी तिन्ही बादल्या वाकून निरखायची. अलीकडे तर फारच निरखायची. मी मनात म्हणायची, बघा, हिचे डोळे म्हणजे वजनकाटा, बरोबर मोठी बादली हुडकणार. मागचे दोन महिने तांदूळ थोडे जास्त पुरले, तेव्हा मी माझ्याच काटकसरीची पाठ थोपटली होती.

या महिन्यात मात्र पाठ थोपटून भागणार नव्हतं. प्लॅस्टर निघायला अजून सहा आठवडे होते. माझ्या शिलाईवर भाडं आणि औषधं निघत होती, बाकी सगळं त्या तांदळावर. दहा किलो तांदूळ तीस दिवस पुरवायचे आणि बाजूला भाजी जवळजवळ नाही, म्हणजे माझ्या दोन्ही मुली, थोरली आणि धाकटी, ताटावरून उठताना भांड्याकडे बघणार. मला बारा किलो हवे होते.

पोतं आलं. मी एक बादली भरली आणि थांबले. मग उरलेल्या दोन बादल्या मोरीत नेऊन ठेवल्या. एक पसरट पातेलं काढलं आणि एक उंच, अरुंद डबा. डब्याच्या तळाशी जुनी ताटली उपडी घातली. सात वर्षांच्या सवयीच्या अंदाजाने डब्यात आठ किलो भरले तर ते काठाला आले, वर शीगसुद्धा दिसली. पातेल्यात बारा ओतले तर ते अर्धं रिकामं वाटलं. बादलीत दहा. मी लांब जाऊन बघितलं, दारातून बघितलं, सिस्टर वाकते तसं वाकून बघितलं. कुणीही डबाच उचलला असता.

"हे काय चाललंय?" नवऱ्याने खुर्चीतून विचारलं.

"बादल्यांना चिरा गेल्यात."

"दोन्ही एकदम?"

"तू पाय सांभाळ तुझा."

त्यानंतर संध्याकाळ होईपर्यंत मी एकाच उशीचा अभ्रा तीनदा शिवून तीनदा उसवला. जिन्यात पाऊल वाजलं की मी दाराकडे बघायची. दोनदा उठून सगळं परत बादल्यांत ओतायला गेले आणि दोनदा धाकटीचं ताट आठवून मागे फिरले.

सिस्टर आली, अजून रुग्णालयाच्या गणवेशातच. मागोमाग मास्तरीणबाई. मी चिरांची गोष्ट सांगितली, गरजेपेक्षा जरा लांबवूनच. सिस्टरने ऐकली की नाही कोण जाणे. ती वाकली. डबा बघितला, बादली बघितली, पातेलं बघितलं. परत डबा बघितला.

"मी हे घेते," ती म्हणाली आणि तिने पातेलं उचललं.

"ते? ते कमी दिसतंय गं," मी पटकन बोलून गेले.

"चालेल मला. पुरतं आम्हाला." ती पातेलं कमरेवर घेऊन निघाली.

मास्तरीणबाईंनी डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बादलीची कडी धरली. "तो डबा तुला राहू दे," म्हणाल्या आणि गेल्या.

मी डबा आत नेला. आठ किलो. चोवीस-पंचवीस दिवस, तेही हात आखडून. आधी राग आला तो सिस्टरचाच. एवढे तेज डोळे, आणि नेमकं तेच पातेलं दिसलं तिला? मग मी ओट्याला टेकले आणि तिचं वाकणं परत आठवलं. डबा, बादली, पातेलं, परत डबा. ती मोठा वाटा शोधतच नव्हती. सगळ्यात लहान कोणता तेच शोधत होती. मागच्या महिन्यातही, त्याच्या मागच्याही. माझे तांदूळ जास्त पुरत होते ते का, हे मला आत्ता कळलं, आणि लाजेने तोंडावर पदर घ्यावासा वाटला.

गप्प बसणं सोपं होतं. मी ते करूनही बघितलं. चार फेऱ्या घातल्या, मशीनवर बसले, उठले. नवरा म्हणाला, "जिथे जायचंय तिथे एकदा जाऊन ये बाई."

सिस्टरचं दार उघडंच होतं. ती जमिनीवर बसून डबे भरत होती. तिचे दोन डबे भरून वाहत होते आणि पातेल्यात अजून तांदूळ होते.

"बरं झालं आलीस, मी खालीच येणार होते," ती म्हणाली. "माझ्याकडे जास्त आलंय गं. लहान बघून उचललं आणि फसले. हे उरलेलं घेऊन जा. आणि मास्तरीणबाईंना सांगू नकोस, त्या मला ओरडतील. तुला कळू द्यायचं नाही असं आमचं ठरलं होतं."

"तू फसली नाहीस," मी म्हटलं. "मी फसवलं. डब्यात खाली ताटली आहे. पातेल्यात बारा होते. मला वाटलं तू मोठं दिसेल ते उचलशील."

तिचा हात तांदळातच थांबला. मी आणखी काहीतरी बोलणार होते, नवऱ्याच्या पायाबद्दल, मुलींबद्दल, पण ते सगळं तिला आधीच माहीत होतं. म्हणून तर ती दोन महिने वाकत होती. आतून तिच्या म्हाताऱ्या वडिलांनी कोण आलंय म्हणून विचारलं. तिने कुणी नाही असं सांगितलं.

मग ती उठली, पातेलं माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून वाटणी मी करेन. माझ्या सुट्टीच्या दिवशी पोतं मागवू."

सात वर्षं ते काम माझं होतं. मी मान हलवली.

"आणि उचलायला आधी तू यायचं," ती म्हणाली.

तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर तो जिना उतरणं मला सोपं गेलं असतं.