वाजवून दाखवाल का?

मी एक जुने चांदीचे नाणे आहे, मित्रांनो. माझ्या एका अंगाला राजाचा चेहरा आहे आणि दुसऱ्या अंगाला गव्हाची लोंबी. टांकसाळीत साच्याचा एकच दणका बसला आणि मी जन्मलो. मी अजून कोमट होतो तोच एका कामगाराने मला तळहातावर घेतले. तो माझ्या आयुष्यातला पहिला स्पर्श.

पुढे मी खूप हिंडलो. गिरणीवाल्याच्या डब्यात पिठाने माखलो, कुणाच्या रुमालाच्या गाठीत घामाने भिजलो. दुकानदार मला घेण्याआधी दगडी फळीवर आपटून बघत. खणखणीत वाजलो की म्हणत, "अस्सल आहे!" लागायचे खरे, पण त्या एका शब्दासाठी मी दिवसभर आपटून घेतले असते.

मग चलन बदलले आणि मी चष्मेवाल्या काकांकडे आलो. लोकांना चष्मे बसवून देणे हे त्यांचे काम आणि जुनी नाणी जमवणे हा त्यांचा नाद. जुन्या नाण्याला उघडे बोट लावायचे नाही, घामाचा डाग पडतो आणि मोल उतरते, हा या नादातला पहिला नियम. काकांनी मला पारदर्शक डबीत घालून कपाटात ठेवले. फार जपले. इतके जपले की मी एकटा पडलो. काकू होत्या तोवर घरात बोलणे तरी कानावर यायचे. त्या गेल्या, काकांनी दुकानही बंद केले, आणि ते माझ्याइतकेच गप्प झाले.

एके दिवशी त्यांची परगावची मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, कपाटात ठेवून त्या नाण्यांचं काय लोणचं घालणार आहात? ऑनलाइन विका की!"

काकांनी आमचे फोटो काढून जाहिरात टाकली. माझे सोबती एकेक करून गेले. मी उरलो. मी वाट बघत होतो, की कुणीतरी मला नेईल, डबी उघडेल आणि हातात घेईल.

लोक प्रश्न मात्र भरपूर विचारत. "नवीन आहे का?" "दोन्ही बाजू मिळतील ना?" "हे दुकानात चालेल?" एकाने तर विचारले, "माझ्याकडे अस्संच आहे, तुम्ही कितीला घेता?" काका कपाळावर हात मारून घेत, पण उत्तर सगळ्यांना देत. दिवसभरात बोलायला तेवढेच तर होते.

एका बाईंचे प्रश्न मात्र त्यांना काही केल्या उमगेनात.

"कडेचे दाते बोटाला टोचतात का?"

काकांनी लिहिले, "फोटो मोठा करून नीट बघा."

"राजाचं नाक हाताला लागतं?"

"फोटोत आहे. नीट बघा."

"वाजवून दाखवाल का?"

आता काका वैतागले. "ताई, नाणं घ्यायचंय की नुसता टाइमपास? नीट बघा म्हणून सांगितलं ना!"

जरा वेळाने उत्तर आले. "काका, बघता आलं असतं तर विचारलं नसतं. मला दिसत नाही. फोन मला सगळं वाचून दाखवतो. तुमचं 'नीट बघा'सुद्धा." खाली तिचा नंबर होता.

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ज्यांनी जन्मभर लोकांच्या डोळ्यांची काळजी घेतली, त्यांना आज मेल्याहून मेल्यासारखे झाले. मग त्यांनी माझी डबी उचलली. अंगठा झाकणावर आला आणि थांबला. मोल उतरणार हे त्यांना पक्के ठाऊक होते. मी मनातल्या मनात म्हणत होतो, उघडा काका, उघडा!

त्यांनी डबी उघडली. मित्रांनो, त्या अंगठ्याची ऊब कशी होती, ते मला सांगता येत नाही. काकांनी डोळे मिटून मला चाचपले आणि फोन लावला.

"ताई, मी नाणं विकणारा बोलतोय. चुकलो मी. दाते बोथट झालेत, नाक झिजलंय, पण लागतं हाताला. आणि आता हे ऐका."

त्यांनी मला टेबलावर टाकले. कित्येक वर्षांनी मी वाजलो.

"पुन्हा एकदा," ती म्हणाली. मी पुन्हा वाजलो, जीव ओतून.

पलीकडून ती हळूच म्हणाली, "छान वाजतं हो. पण हे ते नव्हे. बाबा कामावरून आले की उंबऱ्यावर नाणं टाकायचे, मला कळावं म्हणून. त्याचा आवाज जरा जड होता. तसलं शोधतेय मी."

"सापडेल हो," काका म्हणाले. दुसरे काय म्हणणार?

राजाच्या गालावर काकांच्या अंगठ्याचा डाग राहिला. आता नाणी जमवणारे माझा नवा फोटो बघून पुढे जातात. काकांनी जाहिरातीत एक ओळ वाढवली आहे, "फोनवर वाजवून दाखवीन." अजून कुणाचा फोन आलेला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा, पण जपता जपता त्यांना विसरू नका. अधूनमधून हातात घ्या. आणि कुणाचा प्रश्न वेडगळ वाटला, तर चिडण्याआधी तो का विचारला असेल, एवढे मनात आणा.

काकांनी मला पुन्हा डबीत घातले नाही. मी टेबलावरच असतो. संध्याकाळी फिरून आले की काका दार लावतात, मला उचलतात आणि एकदा टेबलावर टाकतात. काका आले, हे कळायला घरात दुसरे कुणी नसते. तरी मी खणखणीत वाजतो.