हौद्री, पण

आमच्या दावणगेरेच्या कॉलेजात अनंत शानभोग चौदा वर्षं पाहुणा होता. सरकारी भाषेत त्याला अतिथी व्याख्याता म्हणतात. पाहुण्याला इतकी वर्षं ठेवून घेणारं घर शोधून सापडणार नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र या पाहुण्याने जेवायचं नसे, कारण त्या महिन्यांचा पगार नसे. संस्थेचे अध्यक्ष कोट्रबसप्पा, त्यांना सारं गाव 'यजमान' म्हणतं. एक अतिथी, एक यजमान. नात्यात गैरसमजाला जागाच नव्हती.

अनंत भौतिकशास्त्र शिकवायचा. पाटीवर इंग्रजी, तोंडात कन्नड. बिंदुप्रभाराचा, म्हणजे एकाच ठिपक्यात मावलेल्या विजेचा, धडा त्याचा लाडका. पाटीच्या मधोमध एक ठिपका, त्यातून चौफेर सुटलेले बाण, आणि मग वर्गात येरझाऱ्या घालत, "दुप्पट लांब जा, विभव निम्मं होतं, पण क्षेत्राचा जोर चौथाईवर येतो. आणि अनंताच्या ठिकाणी विभव शून्य." आता विभव म्हणजे पोटेन्शियल, पण आमच्याकडे श्रीमंतीसुद्धा. त्यामुळे पोरं हसायच्या आत तो स्वतःच हसून घ्यायचा. शेजारच्या वर्गात मी इतिहास शिकवतो, दर जूनमध्ये भिंतीपलीकडून ते हसू ऐकू यायचं. दरवर्षी थोडं लवकर संपायचं.

यंदा भौतिकशास्त्राची एक कायमची जागा निघाली. अनंतची वयोमर्यादा याच वर्षी संपत होती. आता नाही तर कधीच नाही. दुसरा उमेदवार होता उमापती, यजमानांच्या बहिणीचा मुलगा. मग आता राहिलं काय, असं आम्ही सगळे म्हणालो. पण मागच्या भरतीत तक्रारी झाल्या होत्या, म्हणून यजमानांनी या खेपेला म्हैसूरकडचे एक तज्ज्ञ बोलावले, नागभूषण नावाचे, आणि जाहीर सांगितलं, "ते म्हणतील तो. मी तोंड उघडणार नाही." यजमानांनी तोंड न उघडल्याचं उदाहरण आमच्या संस्थेच्या इतिहासात नाही आणि तो इतिहास मीच लिहिलाय. तरीही अनंतला आशा वाटू लागली.

निवडीच्या पाठाच्या आदल्या संध्याकाळी मंडक्की-मिरची, म्हणजे चुरमुरे आणि मिरचीची भजी, खाता खाता कन्नड शिकवणाऱ्या शेखरप्पाने त्याला तयार केलं.

"अनंता, यजमान पीयूसीला विज्ञानात नापास झालेत, म्हणून त्यांना विज्ञानाची भारी आवड. प्रश्न विचारणारच. काहीही म्हणोत, तू हौद्री म्हण."

"आणि चुकीचं म्हणाले तर?"

"तर दोनदा म्हण."

"अरे, पण फिजिक्स आहे ते."

"फिजिक्स तुझं, जागा त्यांची," शेखरप्पा म्हणाला आणि अनंतच्या पुडीतली शेवटची मिरची उचलून खाऊन टाकली.

हौद्री म्हणजे 'हो जी', पण त्याचा होकाराशी फारसा संबंध नाही. मोठा माणूस बोलतोय आणि आपण झोपलेलो नाही, एवढंच त्यातून कळवायचं असतं. वडीलधाऱ्याला खोडून काढायचं असलं तरी आमच्याकडे आधी हौद्री म्हणतात आणि मग 'पण' लावतात. खरं उत्तर 'पण'पासून सुरू होतं. ही रीत म्हैसूरकडच्या माणसाला माहीत असायचं कारण नाही.

पाठाच्या दिवशी शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून मी आत होतो. माझं काम तज्ज्ञांना चहा हवा का, हे दर थोड्या वेळाने विचारणं. अनंत सुंदर शिकवत होता. एक ठिपका झाला, बाण झाले. मग त्याने दोन ठिपके काढले, एक धन, एक ऋण, सारख्याच ताकदीचे. त्यांच्या बरोबर मध्ये फुली मारली आणि म्हणाला, "धनाचं विभव अधिक, ऋणाचं तितकंच उणं. बेरीज शून्य. म्हणून या जागी विभव शून्य."

नागभूषण मान डोलावत होते. तेवढ्यात यजमान पुढे सरकले.

"शून्य म्हणजे तिथं काहीच नाही. हो ना, मेष्ट्रे?" मेष्ट्रे म्हणजे मास्तर.

नागभूषणांची मान डोलायची थांबली.

"म्हणजे एखादा धन प्रभार नेऊन तिथं ठेवला," यजमान म्हणाले, "तर तो गप बसून राहील. ना इकडून त्रास, ना तिकडून. बरोबर?"

बरोबर नव्हतं. हे मलाही ठाऊक होतं. इतकी वर्षं भिंतीला कान लावून शिकवल्यावर काहीतरी झिरपतंच. धन त्याला ढकलणार, ऋण ओढणार, दोघांचा जोर एकाच दिशेला. विभव शून्य असलं तरी क्षेत्र तिथं चांगलं दांडगं असतं. हेच वाक्य अनंत दरवर्षी पोरांकडून घोकून घ्यायचा.

"हौद्री," अनंत म्हणाला.

पुढचा 'पण' त्याच्या ओठांपर्यंत आला. मी पाहिला. ओठ मिटून उघडले, खडू पाटीकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला. अनंतने एकदा यजमानांकडे बघितलं. ते खूश होऊन खुर्चीत मागे रेलले होते. खडू खाली आला.

"हौद्री," तो पुन्हा म्हणाला.

नागभूषणांनी चष्मा काढून पुसला. मी त्यांना चहा हवा का विचारलं. नको म्हणाले.

मग उमापती आला. त्याने एक ठिपका काढला आणि बाण आत यायचे की बाहेर जायचे, यावर बराच विचार केला. नागभूषणांनी त्याला तोच प्रश्न विचारला. उमापतीने मामांकडे पाहिलं. मामा छताकडे बघत होते, तोंड न उघडण्याचं वचन त्यांना आत्ताच आठवलं असावं.

"नक्की माहीत नाही, सर," उमापती म्हणाला. "बघून सांगतो."

संध्याकाळी यजमानांनी अनंतला बोलावलं आणि प्रेमाने खांद्यावर हात ठेवला.

"काय सांगू, मेष्ट्रे. तज्ज्ञ अडून बसले. म्हणतात, ज्याला माहीत नाही त्याला शिकवता येईल, पण इतकी वर्षं चुकीचं शिकवणाऱ्याला कोण सुधारणार? मी भांडलो हो तुमच्यासाठी. म्हटलं, अहो, माझंही उत्तर तेच आहे!"

"हौद्री," अनंत म्हणाला.

"आणि हे बघा, तुम्हाला कोण घालवतंय? पोरगा तयार होईपर्यंत राहा. पाहुणे आहात आमचे."

जूनमध्ये बिंदुप्रभाराचा धडा आला. मी शेजारी कुठलीतरी लढाई शिकवत होतो. अनंताच्या ठिकाणी विभव शून्य झालं, पोरं हसली. भिंतीपलीकडून अनंतचं हसू आलं नाही. मग दोन ठिपके आणि मधली फुली निघाली असणार, कारण त्याचा आवाज आला, "इथं विभव शून्य. मग इथं ठेवलेला प्रभार गप बसेल?"

"हौद्री!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला. पोरं आमचीच.

मी लढाई तिथंच सोडून व्हरांड्यात आलो.

"पण," अनंत म्हणाला.

आणि मग तो बोलत सुटला. धन ढकलतो, ऋण ओढतो, शून्य हे आपण नेमलेलं असतं, त्यावरून तिथल्या माणसावर, चुकलो, प्रभारावर, काय गुजरतंय ते कळत नाही. पाटीवर त्याने फुलीच्या आरपार एक लांबच लांब बाण ओढला. इतकं चोख त्याने आयुष्यात कधी शिकवलं नसेल.

मागच्या बाकावर उमापती भराभर लिहून घेत होता. हे सगळं त्याच्या वहीत उतरलं की पाहुण्याची पाठवणी, हे वर्गात फक्त दोघांना माहीत होतं.

"सर, जरा हळू," उमापती म्हणाला. "'पण'च्या पुढचं माझं राहिलं."

"हौद्री," अनंत म्हणाला, आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.