शंभराला शंभर

मोठीने बत्तीस वर्षं नोटा तपासल्या. नोटछपाईच्या कारखान्यात, तपासणीच्या लांबलचक खोलीत, एका ओळीत मांडलेल्या टेबलांपैकी तिसऱ्या टेबलाशी. छापलेले मोठे ताव समोर येत. ती एकेक उलटत जाई, आणि जिथे रेघ तुटली असेल, आकडा सरकला असेल, तिथे लाल खूण करून ताव बाद करी. बाद ताव थेट भुग्याच्या यंत्रात. लोक विचारत, "एवढा पैसा हाताखालून जातो, मोह नाही होत?" ती म्हणे, "तो पैसा नसतोच हो. दाराबाहेर पडेपर्यंत नुसता छापील कागद."

घरात ती आणि तिची धाकटी बहीण. संसार दोघींच्याही नशिबी नव्हता. मोठीचं लग्न झालं नाही आणि धाकटीचं टिकलं नाही. भाऊ-भावजय अपघातात गेले तेव्हा भाचा नऊ वर्षांचा होता. त्याला दोघींनी वाढवलं. मोठीच्या पगारावर त्याची फी भरली गेली, आणि शिवणकामातून उरलेल्या वेळात धाकटीने त्याचे लाड केले.

हा भाचा एकतिसाव्या वर्षी एका नव्या कंपनीत लागला. कंपनीचं स्वतःचं डिजिटल चलन होतं. नाव 'अढळ'. दोन्ही आत्यांना नवे फोन घेऊन तो घरी आला आणि जेवणाच्या टेबलावरच शिकवणी सुरू केली.

"एक अढळ म्हणजे आपल्या चलनातलं एक. आज, उद्या, केव्हाही. शंभर टाका, शंभर काढा. शंभराला शंभर. वर, नुसतं ठेवलं तरी वर्षाला नऊ टक्के."

"हे शंभराचं शंभरच राहतं, ते कशाने?" मोठीने विचारलं.

"राखीव निधी असतो आत्या. जेवढे अढळ, तेवढे खरे पैसे बाजूला ठेवलेले."

"कुणी पाहिलेत?"

"सगळं सिस्टिममध्ये दिसतं."

"सिस्टिममध्ये काय दिसतं ते नाही विचारलं मी. कुणी पाहिलेत?"

भाचा हसला. "तुझ्या नोटेमागे तरी काय आहे? कागदच ना?"

"कागदच. पण तो किती छापायचा नाही, हे ठरवणारं कुणीतरी बसलेलं असतं. आणि त्याला जाब द्यावा लागतो."

"जाब? तू निवृत्त झालीस तेव्हा पेन्शनमध्ये महिना निघत होता. आता किती दिवस निघतात?"

मोठीच्या पेन्शनमध्ये आता वीस दिवस निघत होते. विसाव्या दिवसानंतर धाकटीच्या शिलाईवर घर चालायचं. पोरगं वर्मावर बोट ठेवायला शिकलं होतं, आणि त्याचं बोलणं खोटंही नव्हतं. याच गोष्टीचा तिला जास्त राग आला.

त्याच सुमारास धाकटीने आपलं शिलाईचं दुकान विकलं. सव्वीस वर्षं पायमशीन चालवून तिचा खुबा झिजला होता. जिना चढणं तर सोडाच, उंबरा ओलांडतानाही ती चौकट धरायची. खुबा बदलायचा तर ऑपरेशनला आठ महिन्यांनंतरची तारीख मिळाली होती. तोवर दुकानाचे पैसे ठेवायचे कुठे? भाचा म्हणाला, अढळमध्ये. इस्पितळही अढळ घेतं, परत काढायचीसुद्धा गरज नाही.

मोठीला स्वस्थ बसवेना. ती एक दिवस उठून कंपनीच्या कचेरीत गेली. काचेच्या भिंती, गुबगुबीत खुर्च्या, आणि एक हसऱ्या चेहऱ्याचा अधिकारी. तिने राखीव निधीचा हिशोब मागितला. त्याने कॉफी मागवली आणि एक छापील कागद पुढे केला. एका हिशोबतपासनिसाचा दाखला होता: अमुक तारखेला अमुक रक्कम शिल्लक असल्याचे दाखवण्यात आले.

मोठीने तो कागद सवयीने उजेडाकडे धरला. "ही एकाच दिवसाची तारीख आहे. आदल्या दिवशी किती होते? दुसऱ्या दिवशी किती उरले?"

"काकू, शेवटी हे सगळं विश्वासावर चालतं."

"विश्वासावर नाही चालत. तपासण्यावर चालतं. विश्वास मागून येतो."

अधिकारी हसतच राहिला. कॉफी न पिता ती घरी आली आणि धाकटीला म्हणाली, "आजच्या आज पैसे काढ."

धाकटी कपडे घड्या करत होती. तिने हातातला टॉवेल खाली टाकला. "ताई, तुला त्याचं काही चांगलं झालेलं बघवतच नाही का? तो लहानपणी पहिला आला तरी तू प्रश्नपत्रिका मागून घ्यायचीस. दुकान माझं, पैसे माझे, खुबाही माझाच. मला ठेवू दे माझ्या पोराच्या शब्दावर."

'माझ्या पोराच्या' म्हणाली ती. पुढले सात महिने मोठी या विषयावर चकार शब्द बोलली नाही. चूक डोळ्यांनी दिसत असताना तिने ताव पुढे सरकू दिला, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

ऑपरेशनला तीन आठवडे उरले होते. मंगळवारी सकाळी धाकटी आगाऊ रक्कम भरायला इस्पितळात गेली. खिडकीतल्या बाईने तिच्या फोनकडे पाहिलं आणि मान हलवली. "अढळ घेत नाही आम्ही. कालपासून बंद."

"अहो, पण शंभराला शंभर..."

"पुढचे या."

धाकटीने बाकावर बसून फोन उघडला. शंभराचे एक्क्याण्णव झाले होते. मोठी रिक्षाने तिथे पोचेपर्यंत चौसष्ट. दोघी घरी येऊन चपला काढतात तोवर एकोणचाळीस. पैसे काढायचं बटण करडं पडलं होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, 'तांत्रिक कारणास्तव तात्पुरती गैरसोय.' धाकटी त्या करड्या बटणावर बोट दाबत राहिली, बंद दुकानाची कडी वाजवावी तसं. शेवटी मोठीने तिच्या हातातून फोन काढून घेतला.

भाचा दोन दिवस फोन उचलत नव्हता. गुरुवारी दुपारी आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. धाकटीला त्याची दया आली. तिने आधी पाणी दिलं.

"परत येईल वर," तो पाण्याच्या पेल्याकडे बघत म्हणाला. "बाजार घाबरलाय. लोकांनी एकदम काढायला घेतले म्हणून झालं. कळ काढायला हवी."

"तुझे किती अडकले?" मोठीने विचारलं.

"माझे... फारसे नाहीत."

"फारसे नाहीत म्हणजे?"

"मी काढले होते."

"केव्हा?"

त्याने पेला टेबलावर ठेवला. "शुक्रवारी."

मग ते हळूहळू बाहेर आलं. शुक्रवारी सकाळी मालकाने वीस-पंचवीस जणांना खोलीत बोलावलं होतं. राखीव निधीतला निम्म्याहून जास्त पैसा मालकाने आपल्याच दुसऱ्या कंपनीला दिला होता आणि ती बुडाली होती. बाहेर अवाक्षर काढलंत तर नोकरीही जाईल आणि खटलाही होईल, असा दम भरला होता. आपापलं गुपचूप काढून घ्या, म्हणाला होता.

"आणि आमचं?" मोठीचा आवाज अजून खालीच होता.

"आडनाव एकच आहे ना आत्या. तेवढी रक्कम एकदम निघाली असती तर त्यांना कळलं असतं मी सांगितलं म्हणून. मला वाटलं सोमवारपर्यंत सावरतील. खरंच वाटलं."

मोठी उठली. इतक्या वेगाने की खुर्ची मागे आपटली.

"एकदा आमच्या खोलीत एक ताव कमी भरला. एकच. दुपारी दोनला दारं बंद झाली. साहेबापासून झाडूवालीपर्यंत कुणालाही बाहेर सोडलं नाही. एका बाईचं तान्हं मूल घरी होतं, ती रडत होती, तिलाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताव सापडला, यंत्राच्या फटीत अडकलेला. तेव्हा सगळे एकदम घरी गेलो. त्या नोटेला किंमत कशाने असते म्हणून विचारत होतास ना मला? याने असते! दार सगळ्यांना बंद असतं याने! आणि तुम्ही काय केलंत? मागचं दार उघडून पंचवीस जण पळालात, आणि पुढून लोक पैसे घेऊन येतच होते, त्यांना 'या, बसा' म्हणत राहिलात!"

"तुमच्या सरकारी पैशाने तरी काय दिवे लावले?" तोही ओरडला. "तुझं पेन्शन खाल्लं कुणी? मी?"

"ते ज्यांनी खाल्लं त्यांचाही मला राग आहे! तिकडे दरोडा पडला म्हणून इकडे तू खिसा कापायचास?"

आपलंच नाणं खोटं निघालं होतं.

आणि इतका वेळ भिंतीला टेकून उभी असलेली धाकटी बोलली. आवाज अगदी साधा, माप घेताना विचारावं तसा. "शुक्रवारी तू इथे जेवलास."

भाच्याने मान वर केली नाही.

"दोनदा वाढून घेतलंस. माझ्या ऑपरेशनची तारीख विचारलीस. मी म्हटलं, तुझ्यामुळे पैशाची काळजी मिटली. तू म्हणालास, 'असू दे गं.' असू दे गं म्हणालास."

तो रडायला लागला. तो रडला की धाकटीचा हात आपोआप त्याच्या पाठीवर जायचा, ही बावीस वर्षांची सवय. आज तो हात चौकट धरूनच राहिला.

मोठीने खुर्ची सरळ केली. "दोन कामं करायची. तू जे काढलंस ते हिला द्यायचं. आणि कंपनीवर सरकारी चौकशी लागलीय, तिथे जाऊन शुक्रवारी काय झालं ते लिहून द्यायचं. नावानिशी."

"माझ्यावरही गुन्हा येईल आत्या."

"येऊ दे."

"तू वाढवलंयस मला!"

"म्हणून तर सांगतेय. परका असतास तर धरून नेलं असतं. तुला आपल्या पायांनी जायची संधी देतेय."

तो निघून गेला. पैसे शनिवारी आले. धाकटीच्या रकमेच्या दोन तृतीयांश, त्याच्याकडे तेवढेच होते. पण जबाब द्यायला तो गेला नाही. मोठी मात्र रोज चौकशीच्या कचेरीत जाऊन बसू लागली. बाहेरच्या पायऱ्यांवर माणसंच माणसं. एक शाळामास्तर होता, त्याने निवृत्तीचं सगळं घातलं होतं. ट्रक चालवणारा एक जण होता, मुलीच्या शिक्षणाचे अडकलेले. तो दिवसभर फोनवर तो आकडा बघत बसे. आता शंभराचे अकरा होते. आठव्या दिवशी मोठीचा नंबर लागला. तिने शुक्रवारची हकिगत सांगितली.

"हे ऐकीव झालं बाई," चौकशी अधिकारी म्हणाला. "त्या खोलीत बसलेलं कुणी आहे का?"

बाहेर आल्यावर पायऱ्यांसमोरच्या चहाटपरीवरच्या टीव्हीत कुणी मोठा माणूस सांगत होता की लोकांनी लोभ आवरायला हवा होता, पैसे गुंतवताना सावध असायला हवं होतं. ट्रकवाल्याने टीव्हीकडे बघून शिवी हासडली. मोठीने आयुष्यात शिवी दिली नव्हती. तिने तीच पुन्हा उच्चारली, स्पष्ट आणि मोठ्याने. मास्तरांनी दचकून वळून पाहिलं, मग मान डोलावली.

तिथूनच तिने भाच्याला फोन लावला. "उद्या दहाला मी या पायऱ्यांवर उभी आहे. तू आला नाहीस तर तुझं नाव आणि घराचा पत्ता इथल्या प्रत्येकाला सांगणार. तीनशे माणसं आहेत. मोजलीत मी."

तो आला. दहाला पाच कमी असताना आला. पायऱ्या चढताना मोठी त्याच्या पुढे चालत होती आणि तिने एकदाही मागे पाहिलं नाही. जबाब तीन तास चालला. त्यानंतर त्या खोलीतले आणखी चौघे बोलले, आणि मालकाला अटक झाली. पाच आठवड्यांत तो जामिनावर सुटला. भाच्याची नोकरी गेली, आणि साक्षीदार असला तरी आरोपी करायचं की नाही, हे अजून ठरायचं आहे. लोकांना परत किती मिळणार? वकील म्हणतात, शंभराला तीसेक, तेही एक-दोन वर्षांनी. मास्तर तोवर थांबले नाहीत. पावसाळ्यात हृदयविकाराने गेले.

ऑपरेशन दुसऱ्या, लहान इस्पितळात झालं, चार महिने उशिरा. तिसऱ्या दिवशी सकाळी भाचा भेटायला आला. मोठी दवाखान्याच्या पडवीत बाकावर बसली होती. तो शेजारी बसला, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"तुझा राग कधी जाणार आत्या?"

"तुझ्यावरचा म्हणतोस?" ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "तो जाईलही. तू निदान आलास त्या पायऱ्यांवर. पण तो माणूस जामिनावर घरी जेवतोय, त्याचा नाही जाणार. आणि माझा मलाच आलेला... मला दिसलं होतं रे. पहिल्याच दिवशी दिसलं होतं. धाकटीला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले मी. त्याला काय करू?"

आतून परिचारिकेने हाक मारली, "बाईंना चालवायचंय, कुणीतरी या." भाचा चटकन उठून आत गेला. मोठीही मागोमाग दारापर्यंत आली.

धाकटी पलंगाच्या कडेला बसली होती, समोर लोखंडी वॉकर. भाच्याने हात पुढे केला. तिने त्या हाताकडे पाहिलं, मग दोन्ही मुठींनी वॉकर धरला आणि दात आवळून स्वतःच उठली.

"बाजूला हो," ती त्याला म्हणाली. "वाटेत उभा राहू नकोस."

तो बाजूला झाला. ती एक पाऊल चालली, थांबली, दुसरं टाकलं. तो भिंतीच्या कडेकडेने तिच्याबरोबर सरकत राहिला, हात न लावता, पण पडलीच तर धरता येईल इतक्या अंतरावर. दारापर्यंत पोचल्यावर तिने श्वास घेतला आणि त्याच्याकडे न बघता विचारलं, "जेवलायस का?"

"नाही."

"मग घरी जाऊन जेव," ती म्हणाली, आणि वॉकर वळवून पुन्हा पलंगाकडे चालू लागली.