तळ्याचं सुतक

सांडव्यावरून पाणी पडायला लागलं आणि त्याचा आवाज गावात पोचला, तेव्हा मंजुळाबाई भाकरी थापत होती. अर्धी थापलेली भाकरी तशीच परातीत टाकून, पिठाच्या हातांनी बाई पळत सुटली. साठीला आलेली, गुडघे कुरकुरणारे, पण पळाली. हिला काय येड लागलं का काय, म्हणून दारादारातून बायका बघत राहिल्या. येड कसलं! या आवाजाकडं ती किती वर्षं कान लावून बसली होती, ते तिचं तिला ठाऊक.

दुष्काळाच्या साली हे तळं पार आटलं होतं. शेवटी मधोमध चिखलाचं एक डबकं उरलं आणि तळ्यातला एकूण एक मासा त्यात येऊन तडफडायला लागला. मग काय, गावानं घमेली भरभरून मासे नेले. मंजुळाबाईनंही नेले आणि बोटं चाटून खाल्ले. दुसऱ्या दिवशी जनावरं घेऊन गेली, तर तळ्यात ओल म्हणून नाही, नुसत्या भेगा. आपण तळ्याचं मढं खाल्लं, असंच तिला वाटलं. तिथंच मातीवर हात ठेवून ती बोलली, हा सांडवा वाहिल्याबिगर माशाला तोंड लावणार न्हाई.

आणि बाई तर माशांची कोण हावरी! ऊसतोडीला गेल्यावर फडावरच्या झोपड्यांत, कोपीकोपीत मासे शिजायचे, तेव्हा ही ठेचा-भाकरी खात बसायची. तिचा नवरा गहिनीनाथ मुद्दाम शेजारी बसून मिटक्या मारायचा. "मासे काय तुझी वाट बघत बसल्यात व्हय?" म्हणायचा. तळं नंतर कधी निम्मं भरलं, कधी पाऊण. सांडवा काही वाहिला नाही.

आज वाहत होता. रात्रभर आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला होता, ओढ्याला कधी नव्हे एवढा पूर आला होता. मंजुळाबाई बांधावर चढली आणि खिळल्यासारखी उभी राहिली. जिथं ती हरभरा पेरायची, तिथं पाणी. बाभळींचे नुसते शेंडे वर. पलीकडचा काठच दिसेना. सांडव्याच्या अख्ख्या रुंदीनं मातकट पाणी खाली कोसळत होतं आणि त्या कोसळत्या पाण्यातून मासे वर चढू बघत होते. उडी मारायचे, आपटायचे, पुन्हा उडी मारायचे. एवढं पाणी आलं कुठून आणि एवढा जीव त्यात राहिला कुठं? "आगं माय, माय, माय," एवढंच तिच्या तोंडून निघालं. पिठाचे हात तिनं तसेच जोडले.

पाणी जरा दमल्यावर, ऊन पडल्यावर, अख्खं गाव तळ्यावर लोटलं. कुणाकडं जाळं, कुणाकडं मच्छरदाणी, कुणाकडं बायकोचं जुनं लुगडं. गहिनीनाथनं एक कटला मासा आणला, दोघांनी उचलावा असा. दारातल्या हौदात त्याला जिता सोडला, तर हौद पुरेना त्याला. त्याचं तोंड उघडायचं, मिटायचं, आणि बघणारी पोरं आपोआप मागं सरायची. एवढा जीव आपल्या दारात बघून मंजुळाबाईलाही क्षणभर भ्याच वाटलं. मग तिनं खोबरं भाजलं, लसूण सोलला, येसराचा मसाला काढून ठेवला.

"माय, हा मासा खायचा न्हाई."

बोलली ती तिची लेक, वर्षाराणी. अंबाजोगाईला नर्सिंग शिकते, सुट्टीला आलेली. तळ्यावरही तिनं घसा कोरडा होईपर्यंत सांगून बघितलं होतं. लोक 'या नर्सबाई' म्हणून हसले होते.

"कावून न्हाई खायचा?" गहिनीनाथ उसळला. "वाहत्या पाण्याला कसला आलाय इटाळ?"

"वाहत होतं तवर वाहत होतं, दादा," लेक बापाला म्हणाली. "आता तळ्यात येऊन बसलंय ते. वरच्या गावातलं फवारणीच्या औषधाचं दुकान वाहून आलं. संडासाच्या टाक्या आल्या, मेलेली जनावरं आली. मासे त्याच पाण्यात हायेत."

मंजुळाबाईच्या हातातला लसूण खाली पडला. तिला रडूच फुटलं. "इतकी वर्षं जीव मारून बसले मी, आन आता तू आडवी आली व्हय गं? शेजारणी खात्यात, त्येंना काय झालं?"

वर्षाराणी जवळ बसली. हळूच म्हणाली, "माय, बंकटकाकाचे बैल अजून तळ्यातच हायेत."

मंजुळाबाईचं रडणं तिथंच थांबलं. तिनं भिंतीपलीकडं बघितलं. बंकट शेजारीच राहायचा, एकटा जीव. त्याचा गोठा घरामागं, ओढ्याच्या काठाला. रात्री पाणी चढलं, दावी कापायलाही उसंत मिळाली नाही, बैल दाव्यासकट वाहून गेले. पोळा नुकताच झालेला, शिंगांचा रंगसुद्धा उडाला नव्हता. सगळ्या घरांतून माशाच्या कालवणाचा वास येत होता आणि बंकटच्या घरातून धूरही नव्हता. अख्खं गाव तळ्यावर गेलं, पण त्याच्याकडं बसायला कुणी गेलं नव्हतं. तीही गेली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली.

पदर खोचून ती तडक तळ्यावर गेली, लेक मागोमाग. तिथं वाटे घालणं चाललं होतं.

"ठेवा खाली," ती म्हणाली. "तळ्याला सुतक हाय."

"वयनी, तळ्याला कुठलं सुतक?" कुणीतरी हसलं.

"ज्याच्या घरात मढं, त्याला सुतक. बंकटचे बैल तळ्याच्या पोटात हायेत. सुतकाच्या घरचं खाल्लंय का कुणी आजवर? सांगा की! खाल्लंय?"

एकेकानं हातातला वाटा खाली ठेवला. या बाईनं किती वर्षं मासा सोडला होता, ते गावाला माहीत होतं. आज पहिला घास घ्यायचा हक्क तिचा, आणि तीच नको म्हणत होती.

"आन सुतक फिटणार कवा?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

आता आली का पंचाईत! मंजुळाबाईनं मागं वळून लेकीकडं बघितलं. पोरगी हुशार. म्हणाली, "पाणी निवळंस्तोवर. आन त्यानंतर ते तपासून घेऊ, तपासणारे खा म्हणतील तवा."

"ऐकलं? तवर सुतक," मंजुळाबाई म्हणाली.

मेलेले मासे खड्डा करून पुरले. जिते होते ते पाण्यात सोडले. गहिनीनाथ पुटपुटत, शिव्या घालत, पण आला. चौघांनी मिळून ओल्या पोत्यातून कटला आणला आणि काठावर सोडला. तो जरा वेळ तसाच राहिला. मग शेपटीचा असा फटका मारला की चौघंही भिजले, आणि तळ्यानं त्याला आत घेतलं.

दिवस कलायला मंजुळाबाई पिठलं-भाकरी घेऊन बंकटकडं गेली. वर्षाराणीही गेली, मग एकेक करून शेजार आला. बंकट बैलांची जुनी दावी मांडीवर घेऊन बसला होता. बळंबळंच त्यानं भाकरी मोडली. चतकोर तुकडा बाजूला काढला, सवयीनं उठला, गोठ्याच्या दिशेनं निघाला. आणि उंबऱ्यातच थांबला. गोठाच नव्हता. तुकडा हातात घेऊन माणूस लहान लेकरागत रडायला लागला.

"आण इकडं," मंजुळाबाई म्हणाली. "न्हाई, तूच चल. तुझ्या हातचा हाय त्यो घास."

ती त्याला धरून तळ्यावर घेऊन गेली. मागं गाव आलं. पाणी अजून लालच होतं, सांडवा गर्जत होता. बंकटनं बैलांची नावं घेतली आणि तुकडा पाण्यात सोडला. तो तरंगत राहिला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवायची वाट बघावी, तसं सगळं गाव त्या चतकोर भाकरीकडं बघत होतं.

मग खालून पाणी फुगलं. एक भलंमोठं तोंड वर आलं, घास घेतला आणि खाली गेलं. मंजुळाबाईच्या हौदात मावला नव्हता तोच, का दुसरा, कुणाला ठाऊक.

बंकटनं डोळे पुसले.

"शिवला, वयनी," तो म्हणाला. "शिवला."

मग घरी येऊन तो जेवला.