अकरा वाजताचं हाड

चौतीस वर्षं मी इस्पितळात स्वयंपाकी होतो. रोजची तीनशे ताटं. माझ्या हातचं खाऊन कधी कुणाचं पोट बिघडलं नाही, ही माझी एकुलती एक फुशारकी, आणि ती मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवून ऐकवून गुळगुळीत केली आहे. म्हणून मुलीनं जेव्हा जाहीर केलं की यापुढे कुत्र्याला सगळं कच्चंच द्यायचं, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

कुत्र्याचं नाव मुकादम. कुणी काम करत असलं की हा समोर बसून देखरेख करायचा, म्हणून मीच ते ठेवलं होतं. मुलगी औषधांच्या कारखान्यात नमुने तपासते, त्यामुळे तिचं सगळं ग्रॅममध्ये. तिनं दोन महिने वाचून, विचारून एक तक्ता बनवला आणि फ्रिजवर चिकटवला. इतकं मांस, इतकी कलेजी, कोंबडीचे पंख, माना, सगळं कच्चं. खाली लाल अक्षरात लिहिलं होतं, हाड कधीही शिजवायचं नाही. मी म्हटलं, जनावर झालं म्हणून काय त्याला चूल नको? ती म्हणाली, चूल माणसाला लागते, बाबा. शिजवलेलं हाड ठिसूळ होतं, चावलं की त्याच्या सुया होतात, हेही तिनं समजावून सांगितलं होतं. पण पोरीनं बापाला स्वयंपाक शिकवायचा म्हणजे अतीच झालं. या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर माझ्याकडे जेवायला कुणी उरलंच नव्हतं. हिची आई गेली. ही दुपारी कारखान्यात जेवते आणि रात्री वाटीभर काहीतरी खाऊन लॅपटॉप उघडते. राहिला मुकादम. ती कामावर गेली की मी कोपऱ्यावरच्या खाटकाकडून दोन पंख आणायचो, मंद आचेवर उकळायचो, फुंकर घालून निववायचो आणि अकराच्या ठोक्याला त्याच्यापुढे ठेवायचो. आधी तो वरचं पाणी प्यायचा, मग हाडं कुडूमकुडूम फोडायचा, मग भांडं चाटत चाटत पार दारापर्यंत ढकलत न्यायचा. इतकी दाद मला तीनशे ताटांत कधी मिळाली नव्हती. तीन आठवडे आमचं हे चाललं. वास जावा म्हणून खिडक्या उघडायचो, ती यायच्या आत भांडं घासून जागेवर ठेवायचो. चोराच्या मनात चांदणं.

मग एका सकाळी मुकादम देखरेखीला आला नाही. कोपऱ्यात पाठ वाकवून उभा होता, ओकून ओकून दमलेला, पोटाला हात लावू देईना. आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. खाणं काय, असं त्यांनी विचारल्यावर मुलीनं मोबाइलवर तक्ता दाखवला.

"शिजवलेलं हाड कुठे मिळालं नाही ना याला? कचऱ्यात, शेजारीपाजारी?"

"शक्यच नाही," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी, मुकादमाचा पट्टा धरून उभा होतो. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण चौतीस वर्षांची फुशारकी आडवी आली आणि मी मूग गिळून गप्प बसलो. मग कच्च्या मांसातल्या जंतूंचाच त्रास असणार, असं म्हणून डॉक्टरांनी औषध दिलं. दोन दिवस तो कण्हत होता आणि मी त्याच्याजवळ बसून होतो, तोंड मात्र उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, तेव्हा आतड्यात हाडाचे टोकदार तुकडे दिसले. तक्त्यातल्या कच्च्या पंखांचेच ते असणार, असं मुलीनं धरलं. वीतभर आतडं कापून काढावं लागलं. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर इतकं कापायची वेळ आली नसती, असं डॉक्टर बोलून गेले.

घरी आल्यावर मुलीनं तक्ता काढला. रागानं फाडला नाही. चारी कोपऱ्यांची चिकटपट्टी नखानं सोडवली, कागदाची घडी घातली आणि कचऱ्यात टाकली. तुमचंच बरोबर होतं, बाबा, असं म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून ऐकायची मला आयुष्यभर हौस होती, आणि ऐकलं तेव्हा तिच्याकडे बघवेना.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित कधीच बोललो नसतो. असा माणूस आहे मी. पण टाके काढल्यावर तिनं कारखान्यातल्या मैत्रिणीला फोन केला. मैत्रिणीकडे अंगण आहे, दोन कुत्री आहेत. मुकादमाला तू घेऊन जा, मला कुत्रं सांभाळायची अक्कल नाही, चांगलं करायला गेले आणि त्याला मारायला निघाले होते, असं ती अगदी शांतपणे सांगत होती. शनिवारी सकाळी मैत्रीण यायची होती. मुलीनं त्याची चादर धुऊन वाळवली आणि त्याच्या औषधांच्या वेळा कागदावर लिहायला बसली. मुकादम समोर बसून देखरेख करत होता.

"हाड मी दिलं," मी म्हणालो. "शिजवून. रोज, तू गेल्यावर."

तिनं पेनाला टोपण लावलं. किती दिवस, एवढंच विचारलं. मी सांगितलं, तीन आठवडे.

"डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा?"

"तेव्हा तुझ्या शेजारीच होतो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पट्टा तुमच्या हातात होता."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी मायेनं दिलं, जेवायला घालायला दुसरं कुणी नव्हतं, असं काहीबाही सांगायला गेलो, पण माझं मलाच ते शिळं वाटलं. तिनं लिहिलेला कागद उलटा ठेवला आणि चादर परत त्याच्या जागी अंथरली.

मुकादम गेला नाही. मात्र आता कामावर जाताना ती त्याला मैत्रिणीच्या आईकडे सोडते आणि संध्याकाळी घेऊन येते. मी दिवसभर घरीच असतो. फ्रिजवर नवा तक्ता लागला आहे. त्यात लाल ओळ नाही. ती ज्याच्यासाठी होती त्याला आता कुणी भांड्याजवळ येऊ देत नाही.

रविवारी तो घरी असतो. पोटावरचे केस अजून नीट आलेले नाहीत. अकरा वाजले की उठतो, शेगडीजवळ येऊन बसतो आणि माझ्या हातांकडे बघतो. माझ्या हातचं खाऊन पोट बिघडतं, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. मुलगी टेबलापाशी बसून आमच्याकडे बघत असते. मी दोन्ही हात उघडून त्याला दाखवतो, बघ बाबा, काही नाही. तो ते चाटतो आणि तिथेच बसून राहतो.