मी टोपी, पण डोक्यावरची नव्हे

“एक थेंब! एक थेंब जरी सांडला ना ठोक्या, तर अर्धी मिशी उतरवीन. फाटकासमोर, खुर्ची टाकून!”

“अर्धीच का? पुरी काढ की.”

“पुरी काढली तर लोकांना वाटेल हौसेनं काढली. अर्धीत खरी लाज आहे.”

मित्रांनो, अशी ही पैज लागली. लावणारे दोघे सख्खे शेजारी. दोन घरांत एकच भिंत, इकडे शिंक आली की तिकडून “नाक पूस” असं ओरडणारे. एक होता पाती ठोकणारा कारागीर, त्याला सगळे ठोकमामा म्हणायचे. दुसरा यंत्र चालवणारा मिशीकाका. त्याच्या मिशा म्हणजे घोड्याच्या शेपटीचा भाऊ. आणि ही पैज ऐकणारी मी. मी एक जुनी टोपी आहे.

डोक्यावरची नाही हं! वीज तयार करणारं एक मोठं चाक असतं. त्याच्या कडेला पात्यांची रांग असते. पात्यांवर वाफेचा जोरदार झोत आदळतो आणि चाक गरगर फिरतं. ही पाती उभ्या गवतासारखी नुसती सोडली, तर वाफेच्या माऱ्यानं लटलट कापतात, आणि कापता कापता एक दिवस तुटतात. शिवाय त्यांच्या डोक्यावरून वाफ फुकट निसटून जाते. म्हणून चार-पाच पात्यांच्या टोकांवर मिळून पोलादाची एक पट्टी बसवतात. ती पट्टी म्हणजे मी. प्रत्येक पात्याच्या टोकाला एक छोटी खुंटी असते, माझ्या अंगाला तेवढीच भोकं असतात. खुंटी भोकातून वर काढायची आणि हातोडीनं ठोकून तिचं डोकं बटणासारखं पसरायचं, की मी घट्ट. ठोकली नाही, तर मी नुसती ठेवलेली. नुसती ठेवलेली टोपी वाऱ्यात काय करते, ते तुम्हाला माहीत आहेच.

माझ्या जन्माचं फारसं कौतुक करण्यासारखं नाही. पत्रा होते, कापलं, वाकवलं, भोकं पाडली. त्या वेळी मी फार ओरडले, पण यंत्राच्या आवाजात माझं कोण ऐकतंय! त्यानंतर कित्येक वर्षं मी त्या चाकावर इमानानं फिरले. चाक असं फिरायचं की मला माझा चेहरा कसा आहे हेच विसरायला झालं होतं. शहरात दिवे लागायचे, पंखे फिरायचे, दवाखान्यातली यंत्रं चालायची, आणि त्या सगळ्यांना वाटायचं की हे सगळं भिंतीवरच्या बटणानं होतं. माझं नावही कुणी घ्यायचं नाही. मला राग नाही. फार दिवस टिकणाऱ्या गोष्टीचं नाव कुणी घेत नाही, नाव घेतात ते मोडलेल्या गोष्टीचं.

आणि मी मोडायला आले होते. वाफेनं माझ्या शेवटच्या खुंटीचं डोकं पार खाऊन टाकलं होतं. म्हणून यंत्राचं भलंमोठं झाकण उघडलं, चाक बाहेर काढून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, ठेवलं आणि ठोकमामाला बोलावलं. मामानं ती झिजलेली खुंटी धातू चढवून पुन्हा उंच केली, कानस मारून साफ केली, माझं शेवटचं भोक तिच्यावर बसवलं. मग पाणी प्यायला थांबला, आणि तिथेच ही पैज लागली. यंत्र सुरू झालं, की काका बेअरिंगच्या, म्हणजे चाकाचा दांडा ज्यात फिरतो त्या आधाराच्या, झाकणावर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवणार, आणि यंत्र इतकं गुळगुळीत चालणार की थेंब सांडणार नाही.

“सांडेल,” मामा म्हणाला.

“अरे गाढवा, पाती तू ठोकतोयस! स्वतःच्याच कामाविरुद्ध पैज लावतोस?”

“माझ्या कामाविरुद्ध कोण लावतंय? तुझ्या हाताविरुद्ध लावतोय. तू कप ठेवतानाच सांडशील.”

“आणि नाही सांडला तर?”

“तर आठवडाभर तुझ्या घरचं पाणी मी भरतो.”

“बघ हं. आणि आधीच सांगतो, कपटीपणा चालणार नाही. मागे माझ्या सदऱ्याच्या बाह्या शिवून ठेवल्या होत्यास, ते मी विसरलेलो नाही.”

“आणि माझ्या चपला उंबऱ्याला खिळ्यांनी ठोकणारा कोण होता? मी तोंडावर आपटलो होतो!”

असे हे दोघे. सकाळ-संध्याकाळ एकमेकांना टोपी घालायचे. टोपी घालणं म्हणजे फसवणं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आमच्या कारखान्यात मला पात्यांवर बसवलं, की त्यालाही म्हणतात, टोपी घातली. मित्रांनो, माझ्यावर जे संकट आलं ते याच दोन शब्दांतून आलं.

काका हात धुवायला बाहेरच्या नळावर गेला. मामानं हातोडी उचलली. आता ठोकणार, एवढ्यात काकाची बायको धापा टाकत दारात आली. काकी कधी कारखान्यात यायची नाही.

“भावजी! अहो भावजी! तुमच्या आई न्हाणीत पडल्या. पाय हलवता येत नाहीये त्यांना.”

मामानं हातोडी खाली टाकली. तो धावला. दारात पोचल्यावर त्याला माझी आठवण झाली, हे मी कधी विसरणार नाही. वळून तो ओरडला, “वहिनी, मिशाला सांगा, शेवटच्या खुंटीला टोपी घातलीय, पण ठोकायची राहिलीय! ठोकल्याशिवाय झाकण लावू नका म्हणावं!”

मी ऐकलं. सगळं ऐकलं. पण नेमकी वरची क्रेन घणघण घंटा वाजवत आमच्या डोक्यावरून गेली, आणि काकीच्या कानात पोचलं ते एवढंच.

“भावजींच्या आई पडल्या, ते घरी धावलेत. जाताना म्हणाले, टोपी घातलीय,” तिनं नळावर जाऊन सांगितलं.

“कुणाला?”

“शेवटच्या... कुणाला तरी. पुढे काहीतरी म्हणाले, पण घंटेत ऐकू नाही आलं.”

काका खो खो हसला. “मलाच, आणखी कुणाला! पैज जिंकायची म्हणून काहीतरी करून ठेवलं असणार. मी यंत्र उघडून शोधत बसावं आणि त्यानं हसावं. आई पडल्याचंही नाटकच ना?”

“नाटक कसलं? मी स्वतः उचललं त्यांना. वेदनेनं पांढऱ्या पडल्यात.”

काकाचं हसू झटकन मावळलं. “मग तू इथे काय करतेस? जा, त्याच्याबरोबर दवाखान्यात जा. त्याला म्हणावं, इथली काळजी करू नकोस.”

बघा मित्रांनो, वाईट माणूस यात एकही नाही. मामाला वाटलं निरोप पोचला. काकीला वाटलं निरोप दिला. काकाला वाटलं, निरोप म्हणजे थट्टा. आणि मी तिथे उघडी पडलेली, माझ्या शेवटच्या भोकात एक खुंटी नुसती डोकावत असलेली.

त्यात चाक कुणीतरी फिरवून ठेवलं, आणि माझी ती बाजू खाली गेली. दुसऱ्या दिवशी मामा दवाखान्यातच होता, आणि साहेब आले. त्यांनी दिसणारी पाती बघितली, वरच्या टोप्यांवरून हात फिरवला.

“पात्यांचं झालं?”

“झालं साहेब,” काका म्हणाला. “ठोक्यानं टोपी घातली.”

“नीट?”

“त्याचं काम आहे, साहेब.”

साहेबांनी मान हलवली. क्रेननं चाक उचललं, जागेवर ठेवलं. मग ते झाकण खाली येऊ लागलं. मी किंचाळले. अहो, मी खाली आहे, इकडे बघा, एकदा चाक फिरवा, फक्त एकदा! उजेडाची फट बारीक होत गेली आणि मिटली. बोल्ट आवळल्याचे आवाज आले. 

“ओरडून काय होणार?” शेजारची टोपी म्हणाली. “घट्ट धरून ठेव.”

“कशानं धरू? मला हात आहेत का?”

“मग उरलेल्या खुंट्यांना धर.”

 मला माझं भय नव्हतं असं म्हणणार नाही, फार होतं. पण त्याहून मोठं भय दुसरंच होतं. इतक्या वेगानं फिरणाऱ्या चाकावरून मी सुटले, तर माझ्यामागून पाती सुटतील. मग चाकाचा तोल जाईल. मग हे जाड झाकणसुद्धा कागदासारखं फाटेल. आणि झाकणाच्या बाहेर, अगदी हाताच्या अंतरावर, काका उभा असणार होता. चहाचा कप घेऊन. हसत.

वाफ आली. आधी ऊब, मग चटका, मग नुसता आवाज. चाक हळूहळू फिरू लागलं. माझं ते मोकळं टोक अजून बसून होतं. मी मनात म्हटलं, राहील, कदाचित राहील. वेग वाढला. टोक थोडं उचललं गेलं. चाक फिरतं तेव्हा त्याच्या कडेवरची प्रत्येक गोष्ट बाहेर पळायला बघते. मी जेवढी धरू बघत होते तेवढी खुंटी भोकातून सरकत होती. शेजारची टोपी रडत होती की वाफ शिट्टी वाजवत होती, मला कळेना.

बाहेर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. मी भंगारात पडल्यावर काकाला ही गोष्ट कितीदा तरी सांगताना ऐकलं आहे. त्यानं कप ठेवला. पाळीवरची सगळी माणसं भोवती जमली. चहाच्या तोंडावर एक बारीक वर्तुळ उठलं.

“अरे, थेंब सांडला का?”

“नाही सांडला, नुसता हलला,” काका म्हणाला.

आत माझं टोक उचललं गेलं आणि झाकणाच्या आतल्या कडेला घासलं. किर्र! मित्रांनो, मी वर्षानुवर्षं गप्प राहिलेली बाई. त्या क्षणी मी ठरवलं, आता लाज सोडायची. घासता येईल तेवढं घासायचं, ओरडता येईल तेवढं ओरडायचं. माझ्या अंगाची साल निघत होती. किर्र, किर्र, किर्र! कप थरथरला, आणि चहाचा एक ओघळ बशीत आला.

“सांडला! मिशी गेली!” सगळे ओरडले.

आणि काकानं काय केलं असेल? तो वाकून बाकाखाली बघू लागला! “कुठे लपलाय तो? दोरी लावली असणार त्यानं. ठोक्या, बाहेर ये!” त्यानं बशी पुसली, कप पुन्हा काठोकाठ भरला आणि परत ठेवला. आत मी जीव तोडून किंचाळतेय आणि बाहेर तो चहा ओततोय!

कप पुन्हा सांडला. काका हसत हसत म्हणाला, “मला टोपी घातली लेकानं, शेवटच्या...”

आणि थांबला.

“शेवटच्या काय?” कुणीतरी विचारलं.

काका पुटपुटला, “शेवटच्या कुणाला तरी, असं म्हणाली ती. कुणाला तरी नाही. खुंटीला. शेवटच्या खुंटीला टोपी घातलीय... आणि पुढे काय?”

 तो ओरडला, “बाहेर! सगळे बाहेर!” सगळे पळाले. तो पळाला नाही. वाफ तोडणारी लाल दांडी यंत्राच्या अगदी पलीकडच्या टोकाला होती. माझ्या शेजारून, झाकणाला खांदा घासत तो तिच्यापर्यंत गेला आणि दोन्ही हातांनी ती खेचली.

वाफ तुटली. पण चाक लगेच थांबत नाही हो! तेच तर सगळ्यात वाईट. ते फिरतच राहतं, फिरतच राहतं. काकाला पळायला जागा होती, पण तो तेलाच्या पंपाकडे धावला, कारण तेल बंद पडलं असतं तर चाक अडकून फुटलं असतं. तो पंपाशी उभा होता, मी उरलेल्या खुंट्यांना लटकलेली होते. तो मला धीर देत नव्हता, त्याला मी आहे हेही माहीत नव्हतं. तो नुसता म्हणत होता, “थांब बाई, थांब. थांब गं बाई.” मला वाटतं ते तो यंत्राला म्हणत होता. मी ते माझ्यासाठी घेतलं.

शेवटी एक तुकडा माझ्या अंगातून निघालाच. तोपर्यंत वेग उतरला होता. तो झाकणावर ठणकन आपटला आणि आतच पडला. चाक थांबलं.

झाकण उघडलं तेव्हा मामा आला होता, दवाखान्यातून तसाच. त्यानं मला बघितलं, माझ्या शेवटच्या भोकात बोट घातलं, आणि जमिनीवर बसला. काका त्याच्या शेजारी बसला. बराच वेळ कुणी कुणाला टोपी घातली नाही.

“आई?” काकानं विचारलं.

“पाय बांधलाय. शिव्या देतेय.”

“मग बरी आहे.”

मला चाकावरून काढलं. माझ्या जागी नवी टोपी बसवली, आणि ठोकताना काका तिथेच उभा राहिला. प्रत्येक खुंटीला मामा ओरडायचा, “ठोकली!” आणि काका बोट लावून ओरडायचा, “ठोकली!” घातली हा शब्द त्या दोघांनी तेव्हापासून तोंडातून काढला नाही. मी आता फाटकाजवळच्या भंगाराच्या ढिगात, एक टोक फाटलेली, उन्हात पडून आहे. भट्टीची गाडी येईल, मला वितळवतील. तक्रार नाही. पण मित्रांनो, जायच्या आधी तुमच्यापुढे पदर पसरते. कुणी निरोप सांगितला आणि त्यातला अर्धा घंटेत बुडाला, तर हसून सोडू नका. परत जा. “पुढे काय?” एवढंच विचारा. तुमच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी कुणीतरी एका खुंटीवर जीव धरून बसलेलं असतं. आणि झाकण लावण्याआधी चाक एकदा पूर्ण फिरवून बघा. खालची बाजूही बाजूच असते.

आता मागचं पुरे, कारण समोर फाटकाशी गर्दी झाली आहे. खुर्ची टाकली आहे. मिशीकाका बसला आहे, गळ्याला पंचा. न्हावी वस्तरा घेऊन गोंधळला आहे.

“कुठली बाजू काढू?”

“डावी!” “नाही, उजवी!” पाळीचे लोक ओरडताहेत.

“ऊठ मिशा,” ठोकमामा म्हणाला. “पैज मोडली. खुंटी मी सोडून गेलो होतो.”

“तू निरोप ठेवून गेला होतास. मी अर्धाच घेतला. चहा सांडला की नाही सांडला?”

“सांडला.”

“मग आरसा धर.”

मामानं आरसा धरला. वस्तरा फिरला, आणि ती शेपटीसारखी मिशी अर्धी पंच्यावर पडली. कुणी हसलं नाही. काकी तोंडाला पदर लावून उभी होती. काकानं आरशात डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून पाहिलं, आणि गर्दीकडे वळून डाफरला,

“अरे हसा की! पैज हरलोय मी, मेलो नाही!”

मग फाटक हसण्यानं दणाणलं. फक्त मामा काकासमोर आरसा धरूनच उभा राहिला.